नवसागराचा धूर आणि गीसेनची प्रयोगशाळा

कल्हईवाला आला की वाड्यातली सगळी पोरे त्याच्या भात्याभोवती जमायची. तापलेल्या पातेल्यात तो नवसागराची चिमूट टाकी, पांढऱ्या धुराचा लोट उठे आणि नाकाला झिणझिण्या येत. मग कथील लावून कापसाचा बोळा फिरवला की पातेले चांदीसारखे लखलखे. पुढे शाळेत आम्ही पाठ केले: नवसागर तापवला की न वितळता त्याची वाफ होते, थंड केल्यावर पुन्हा नवसागरच मिळतो; हे संप्लवन, म्हणजेच भौतिक बदल. दोन गुण मिळाले, विषय संपला.

तो पुन्हा उघडला इथे जर्मनीत, मुलीच्या आठवीच्या वहीमुळे. इथल्या शाळेत प्रयोगाच्या नोंदीला ‘प्रोटोकोल’ म्हणतात. त्यात ‘बेओबाख्टुंग’, म्हणजे जे प्रत्यक्ष दिसले ते, वेगळे लिहायचे आणि त्याचा अर्थ वेगळा. सरमिसळ केली की लाल रेघ! मुलीने लिहिले होते: नवसागर तापवताना नळीच्या तोंडाशी ओला लाल लिटमस धरला, तो आधी निळा झाला, थोड्या वेळाने पुन्हा लाल. मी अधिकारवाणीने म्हणालो, ‘‘काहीतरी चुकलं असेल गं. हा तर भौतिक बदल.’’ ती म्हणाली, ‘‘पण बाबा, मी पाहिलंय ना!’’

वाचकहो, या ‘पाहिलंय’चे घराणे शोधायला फार लांब जावे लागत नाही. फ्रँकफुर्टहून उत्तरेला रेल्वेने तासाभराच्या आत गीसेन लागते. १८२४ साली अवघ्या एकवीस वर्षांचा युस्टुस लीबिग तेथे प्राध्यापक म्हणून आला. त्याच्या नेमणुकीमागे अलेक्झांडर फॉन हुम्बोल्टची शिफारस होती. त्या काळी विद्यापीठात रसायनशास्त्र बहुधा ऐकायचे असे. गुरुजी प्रयोग करून दाखवणार, विद्यार्थी बाकावरून बघणार. लीबिगला लष्करी बराकीजवळची पहारेकऱ्यांची रिकामी इमारत मिळाली. तेथे त्याने विद्यार्थ्यांनाच कामाला लावले. प्रत्येकाने स्वतः पदार्थ तपासायचा, स्वतः वजन करायचे, काय झाले ते स्वतः सांगायचे. १८३१ मध्ये त्याने पाच फुगे असलेले काचेचे एक उपकरण बनवले. त्यात ज्वलनातून निघणारा कार्बन डायऑक्साइड शोषून तोलता येई, आणि एरवी उस्तादांनाच जमणारे पृथक्करण विद्यार्थ्यांच्या आवाक्यात आले. आपण बारावीला केलेले ‘सॉल्ट ॲनालिसिस’ आठवते? त्याला शिस्त लावणारे पुस्तक १८४१ साली लिहिणारा फ्रेझेनिउस लीबिगचाच शिष्य. आपल्या जर्नलमध्येही ‘निरीक्षण’ आणि ‘अनुमान’ असे दोन रकाने असत, पण खरे सांगायचे तर आम्ही दोन्ही आदल्या वर्षीच्या मुलांच्या जर्नलमधून उतरवले.

लीबिग काही चुकत नव्हता असे नाही. क्रॉइझनाखच्या खाऱ्या झऱ्याच्या पाण्यातून त्याला एक लालसर द्रव मिळाला होता. हे आयोडीन क्लोराइड असणार, असे ठरवून त्याने बाटलीवर तशी चिठ्ठी चिकटवली. १८२६ मध्ये फ्रान्सच्या बालारने ब्रोमीन हे नवे मूलद्रव्य जाहीर केले, तेव्हा लीबिगला कळले की ते आपल्याच फडताळात पडून होते. ती बाटली पुढे त्याने चुकांच्या कपाटात ठेवली, असे सांगतात. मला हा माणूस त्या कपाटामुळे अधिक आवडतो.

नवसागरावरची चिठ्ठीही अशीच घाईची होती. त्याची वाफ अखंड असेल तर ती हायड्रोजनच्या सुमारे २७ पट जड असायला हवी. मोजल्यावर ती भरे त्याच्या निम्मी. ॲव्होगाड्रोचा नियम खोटा मानावा की मोजमाप? गीसेनमध्ये लीबिगच्या प्रयोगशाळेत आलेला आणि पुढे तेथेच प्राध्यापक झालेला हेर्मान कॉप १८५८ च्या सुमारास म्हणाला, दोन्ही खरे आहेत. वाफ नवसागराची नाहीच. उष्णतेने त्याचे अमोनिया आणि हायड्रोजन क्लोराइड असे दोन वायू होतात. एकाच्या जागी दोन कण आले की घनता निम्मी होणारच. केकुले आणि इटलीचा कानिझारो यांनीही असेच स्पष्टीकरण सुचवले होते.

पण सुचवणे वेगळे आणि दाखवणे वेगळे. थंड होताच दोन्ही वायू पुन्हा एक होतात, मग पकडायचे कसे? १८६२ मध्ये लेओपोल्ड पेबालने युक्ती काढली. हलका वायू सच्छिद्र अडथळ्यातून लवकर झिरपतो. त्याने नळीत ॲस्बेस्टॉसचा बोळा बसवला, त्यावर नवसागर तापवला आणि दोन्ही बाजूंनी हायड्रोजनचा प्रवाह सोडला. हलका अमोनिया पलीकडे अधिक गेला. तिकडचा लिटमस निळा झाला, अलीकडचा लाल. तरीही फ्रान्सचा सँ-क्लेर दव्हील हटेना. उष्णतेने संयुगे तुटतात हे आधी मांडणारा तोच, पण नवसागराच्या बाबतीत तो म्हणे, हे तापलेले वायू एकत्र आणले तर उष्णता निघते, म्हणजे ते जोडलेलेच राहतात. वाद काही वर्षे चालला. निकाल पेबालच्या बाजूने लागला.

म्हणजे नवसागर ‘उडतो’ तेव्हा एक रासायनिक बदल होतो आणि नळीच्या थंड भागावर पांढरा थर बसतो तेव्हा दुसरा. सुरुवात आणि शेवट सारखाच दिसतो म्हणून आम्ही मधले काही विचारलेच नाही. कल्हईत तर हे उघड्यावर घडत होते. हायड्रोजन क्लोराइड पातेल्यावरचा ऑक्साइडचा थर खाऊन टाकी, म्हणून कथील चिकटे. मागे सुटलेला अमोनिया आमच्या नाकात जाई.

मुलीच्या प्रोटोकोलवर लाल रेघ आली नाही. मला मात्र खात्री करून घ्यायची होती, म्हणून रविवारी आईला फोनवर विचारले, कल्हईच्या धुराला वास कसला यायचा गं?

‘‘गोठ्यातल्या मुतासारखा,’’ आई म्हणाली. ‘‘त्यात विचारायचं काय?’’