वाळूच्या कणांमधील सृष्टि

समुद्रकांठची ओली वाळू निर्जीव भासते. परंतु तिच्या कणांमधील पाण्यानें भरलेल्या फटींत सूक्ष्म कृमींची एक स्वतंत्र सृष्टि नांदत असते. तिची रीतसर पाहणी होण्यास मात्र विसावें शतक उजाडावें लागलें.

ह्या विलंबाचें कारण साधनांत होतें. वाळू जाड चाळणीनें गाळली कीं मिलिमीटरभर लांबीचे कृमि पाण्याबरोबर निघून जात. जे हातीं लागत, त्यांतील नाजूक जाति मद्यार्कांत पडतांच आक्रसून ओळखेनाशा होत. म्हणून ते जिवंत असतांनाच सूक्ष्मदर्शकाखालीं पाहणें अवश्य ठरलें. जर्मनींत कीलच्या उपसागरांतील वाळूचा असा पद्धतशीर अभ्यास आडोल्फ रेमाने यांनीं १९२० नंतरच्या दशकांत आरंभिला. १९४२ सालीं इंग्लंडांत मॉली मेअर यांनीं तळाशीं राहणाऱ्या ह्या मधल्या आकाराच्या जीवांना ‘मायोबेंथॉस’ हें नांव दिलें.

रेमाने यांचे शिष्य पेटर आक्स यांनीं १९५६ सालीं वाळूंतील एका जबडेधारी कृमिगटाचें वर्णन प्रसिद्ध केलें आणि शीर्षकांतच त्यास ‘गूढ’ म्हटलें. आक्स यांनीं हा गट चपट्या कृमींत घातला होता. १९६९ सालीं रूपर्ट रीड्ल यांनीं त्यास प्राणिसृष्टीचा स्वतंत्र संघ मानलें. भारतांत वाल्टेरच्या पुळणींतील अशा जीवांची पाहणी गणपति व राव यांनीं १९६२ सालीं प्रसिद्ध केली.

देवमाशांच्या जातींचीं वर्णनें होऊन शतकें लोटलीं, तरी पायांखालच्या वाळूंतील एक अखंड संघ शास्त्राच्या यादींत नव्हता. चाळणीचें भोंक केवढें, यावर ती यादी केवढी होणार हें ठरत होतें.