बी.एससी.नंतर एम.एससी.: जॅम परीक्षेची तयारी

आयआयटीत एम.एससी. करायची असेल तर जॅम ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते. आपल्या सिमरोलच्या आयआयटी इंदूरचे प्रवेशही त्यावरच होतात, आणि बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत इंटिग्रेटेड पीएच.डी.साठीही जॅम ग्राह्य धरतात. विषय ७ आहेत: भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित, गणितीय संख्याशास्त्र, भूविज्ञान, जैवतंत्रज्ञान आणि अर्थशास्त्र.

पुष्कळ घरी चूक होते ती वेळेची. बी.एससी.चा निकाल लागला की पुढचं बघू, असं आपण म्हणतो. पण परीक्षा फेब्रुवारीत असते आणि अर्ज साधारणपणे आदल्या सप्टेंबर-ऑक्टोबरात भरून घेतात. शेवटच्या वर्षाला शिकणारे विद्यार्थी अर्ज करू शकतात. पदवी हातात येण्याची वाट पाहिली की एक वर्ष गेलंच.

पेपर ३ तासांचा, ६० प्रश्नांचा, १०० गुणांचा. पहिल्या भागातल्या ३० प्रश्नांना चुकीच्या उत्तराचे एक तृतीयांश गुण कापतात. दुसऱ्या भागातल्या १० प्रश्नांत एकाहून अधिक पर्याय बरोबर असू शकतात. ते सगळे ओळखले तरच गुण, अर्धवट उत्तराला काहीच नाही. इथेच हुशार मुलंही अडखळतात. उरलेल्या २० प्रश्नांत पर्याय नसतात, आकड्यात उत्तर काढायचं असतं. या दोन भागांत गुण कापत नाहीत. स्वतःचा कॅल्क्युलेटर नेता येत नाही, स्क्रीनवरचा वापरावा लागतो. तेव्हा घरी सरावही तसाच करावा.

पेपर फक्त इंग्रजीत असतो. आपल्याकडे बरीच मुलं हिंदी माध्यमातून बी.एससी. करतात. त्यांनी दुसऱ्या वर्षापासून निदान एक इंग्रजी पाठ्यपुस्तक, उदाहरणांसह, सोडवत जावं. गाइड पुरत नाही.

इतर मागासवर्गीय सवलत घेणाऱ्यांनी एक गोष्ट आधी तपासावी. केंद्रीय यादी राज्यवार असते. जात महाराष्ट्राच्या यादीत आहे म्हणून ती मध्य प्रदेशच्या यादीत असेलच असं नाही. नॉन-क्रीमीलेअर दाखलाही केंद्राच्या नमुन्यात आणि ताजा लागतो. तहसीलच्या फेऱ्या उन्हाळ्यातच उरकाव्यात.

आणि प्रयोगशाळेचा अनुभव? विज्ञान अकादमींच्या उन्हाळी फेलोशिपमध्ये २ महिने एखाद्या शास्त्रज्ञाकडे काम करायला मिळतं. अर्ज आदल्या वर्षाच्या शेवटी भरायचे असतात, सोबत प्राध्यापकांचं शिफारसपत्र लागतं. ते आयत्या वेळी मागू नये. वर्गात आपल्याला ओळखणाऱ्या सरांनाच विचारावं.