हाडाचा 'फोटो' आणि हातातला मोबाईल

आपल्या इस्लामपूर भागात एक्स-रेला 'फोटो' म्हणतात. पूर्वी पेशंट खाकी पाकीट पुढे करायचे, आता मोबाईल करतात. हा बदल कसा झाला ते सांगतो, कारण त्यात तुमच्या कामाची एक गोष्ट आहे.

मिरजेत डॉ. वॉनलेस यांचं रुग्णालय १८९४ साली सुरू झालं. क्ष-किरण सापडले त्याच्या पुढच्या वर्षी, जर्मनीत. तोवर मोडलेलं हाड हातानं चाचपूनच ओळखावं लागे. मी प्रॅक्टिस सुरू केली तेव्हा एक्स-रे होते, पण अवघड फ्रॅक्चर असलं की नातेवाईक फिल्म घेऊन एसटीनं मिरजेला जायचे आणि संध्याकाळी चिठ्ठी घेऊन परतायचे.

२००८ मध्ये आयफोनसाठी अ‍ॅप स्टोअर सुरू झालं. फोन आडवा केला की चित्रही आडवं होतं ना? तेच ज्या सेन्सरमुळे होतं, त्याच्यावर कोन मोजता येतो. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर पाय किती वाकतो, हे आता घरी नडगीवर फोन ठेवून बघता येतं. त्याच वर्षी शेफिल्ड विद्यापीठानं 'फ्रॅक्स' आणलं. वय, वजन, आधीचं फ्रॅक्चर, स्टिरॉइडच्या गोळ्या अशी माहिती भरली की पुढच्या १० वर्षांत हाड मोडण्याचा धोका किती, ते कळतं. मला स्वतःला हे सगळ्यात उपयोगी वाटतं, आणि पेशंट मात्र त्याबद्दल कधीच विचारत नाहीत!

२५ मार्च २०२० ला टेलिमेडिसिनचे नियम आले आणि फोनवरच्या सल्ल्याला चौकट मिळाली.

आता माझी चूक. काही वर्षांपूर्वी जवळच्या गावातल्या एक आजी अंगणात पडल्या. नातवानं खिडकीशी फिल्म धरून मोबाईलवर फोटो पाठवला. आजी लंगडत का होईना, चालत होत्या. मी म्हटलं, "मुका मार आहे." आठवड्यानं त्यांना उचलून आणावं लागलं. खुब्याजवळ मांडीच्या हाडाची मान मोडून आत रुतली होती, आणि चालून चालून ती सरकली. मूळ फिल्ममध्ये रेघ दिसत होती. मोबाईलच्या फोटोत तिथं खिडकीचा उजेड चमकला होता.

म्हणून फोटो जरूर पाठवा, पण फिल्म जपून ठेवा. एक्स-रे डिजिटल असेल तर सेंटरकडून मूळ फाईल मागून घ्या. आणि म्हातारं माणूस पडल्यावर जांघेत दुखतंय म्हणालं, तर चालत असलं तरी त्याला दवाखान्यातच घेऊन या.