देवी आल्या, देवी काढल्या

'देवी' या शब्दाला मराठीत दोन क्रियापदे जडली आहेत. देवी 'येतात' आणि देवी 'काढतात'. आल्या म्हणजे रोग झाला; काढल्या म्हणजे लस टोचली. नांदेड-लातूरकडच्या वृद्धांच्या दंडावरील वण ही दुसऱ्या क्रियापदाची खूण होय. रोग्याच्या उशाशी बसणाऱ्यांचा इतिहास मात्र आपण फारसा सांगत नाही.

देवीच्या उग्र प्रकारात शंभरांपैकी सुमारे ३० रोगी दगावत. वाचलेल्यांतील कित्येकांची दृष्टी जाई. आलेल्या देवींवर हमखास औषध शेवटपर्यंत हाती आले नाही. सारी भिस्त शुश्रूषेवर. घरोघरी रोग्याला कडुलिंबाच्या पाल्यावर निजवीत, फोडणी बंद ठेवीत, परक्याला उंबऱ्याशी थांबवीत. हा देवीचा मान. पण त्यातून रोग्याला एकांत आणि विसावा मिळे. डॉक्टरही बरेचसे तेच सांगत: पाणी व पातळ अन्न द्यावे, डोळे स्वच्छ ठेवावेत, फोड खाजवू देऊ नयेत, शेवटची खपली गळेपर्यंत रोगी वेगळा ठेवावा, आणि ज्याला देवी येऊन गेल्या किंवा ज्याने काढून घेतल्या, त्यानेच जवळ बसावे.

चुकले ते एवढेच, की त्याच मानापोटी पुष्कळांनी लस नाकारली. वस्तुतः संसर्गानंतर तीन-चार दिवसांत टोचले तरी रोग बहुधा टळे किंवा सौम्य होई.

हिंदुस्थानातील पहिली लस १४ जून १८०२ रोजी मुंबईत टोचली गेली, ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला. नांदेड आणि तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात असलेले लातूर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होते. देशव्यापी निर्मूलन मोहीम १९६२ साली निघाली, देशातील शेवटचा रोगी १९७५ साली आढळला आणि १९८० साली जग देवीमुक्त घोषित झाले. पहिल्या टोचणीपासून शेवटच्या रोग्यापर्यंत १७३ वर्षे!

देवी गेल्या, गोवर मात्र गेला नाही. २०२२ साली मुंबई, भिवंडी, मालेगाव येथे त्याने पुन्हा बालकांचे बळी घेतले. त्याच्याही विषाणूवर नेमके औषध नाही. मुले दगावतात ती बहुधा मागाहून होणाऱ्या न्यूमोनियाने वा अतिसाराने. सलग दोन दिवस 'अ' जीवनसत्त्वाची मात्रा, भरपूर पाणी आणि धाप लागताच रुग्णालय, एवढ्याने पुष्कळ मुले वाचतात. तरीही 'गोवर अंगावर निघू द्या, औषध देऊ नका' हा सल्ला अजून ऐकू येतो.

आमचे म्हणणे इतकेच: आजीची माया ठेवावी, तिची भीती सोडावी. उशाशी बसावे, आणि लसही वेळेवर टोचून घ्यावी.