परतीची शिदोरी

मोहिमेचें वर्णन करणारा इतिहासकार बहुधा प्रस्थानाच्या थाटांतच रमतो. निशाण कोणतें होतें, मुहूर्त कोणता धरला, निरोप देण्यास कोण आलें होतें, हें सारें तो सविस्तर सांगतो. परंतु निघणाराजवळ परतीची शिदोरी किती होती, हा प्रश्न त्याला क्वचितच सुचतो. वास्तविक मोहीम आंखणाराची खरी कसोटी याच प्रश्नांत असते. अवजड उपग्रह अंतराळांत पोंचविण्याच्या गेल्या चाळीस वर्षांतील उद्योगाकडे या दृष्टीनें पाहिलें, म्हणजे तो नुसता यंत्रांचा इतिहास राहत नाहीं. काय राखावें आणि काय सोडावें, या जुन्या विवेकाचाच तो एक नवा अध्याय ठरतो.

आमच्या म्हणण्याच्या पुष्ट्यर्थ आम्ही एकाच ठिकाणाहून झालेलीं दोन उड्डाणें घेतों. ठिकाण म्हणजे अमेरिकेंतील फ्लॉरिडाच्या किनाऱ्यावरील केनेडी अंतराळ केंद्राचा ३९-ए हा तळ. दोन्ही वेळां मालाचा धनीही एकच होता. अरब राष्ट्रांनीं १९७६ सालीं दळणवळणाच्या उपग्रहांसाठीं 'अरबसॅट' ही संस्था स्थापन केली. तिचा दुसरा उपग्रह जून १९८५ मध्यें 'डिस्कव्हरी' या अंतराळयानांतून वर गेला. सौदी अरेबियाचे राजपुत्र सुलतान बिन सलमान हेही त्याच यानांत होते. पुढें चौतीस वर्षांनीं, ११ एप्रिल २०१९ रोजीं, 'अरबसॅट-६ए' हा सुमारें ६,४६५ किलोग्रॅम वजनाचा उपग्रह त्याच तळावरून 'फाल्कन हेवी' या अग्निबाणानें उचलला.

पहिल्या उड्डाणांतही परतीची योजना होती. यानाच्या दोन बाजूंस घन इंधनाचे दोन बूस्टर असत. सुमारें दोन मिनिटें जळून ते सुटत, हवाई छत्र्यांच्या आधारें अटलांटिक महासागरांत पडत, आणि त्यांसाठींच ठेवलेल्या नौका त्यांना ओढीत किनाऱ्यास आणीत. १९८२ च्या एका उड्डाणांतील दोन्ही बूस्टर बुडाले, तो अपवाद. परंतु वस्तु परत येणें निराळें आणि ती थोड्या खर्चांत पुन्हा कामास येणें निराळें. खाऱ्या पाण्यांतून काढलेला बूस्टर सुटा करणें, तपासणें, पुन्हा भरणें आणि जोडणें हें काम लहान नव्हे. यानाचीही दर उड्डाणानंतर अशीच डागडुजी करावी लागे, आणि आरंभीं कल्पिलेली स्वस्ताई कधींच हातीं लागली नाहीं. पुढें जानेवारी १९८६ मध्यें 'चॅलेंजर' यानाच्या एका बूस्टरचा सांधा थंडीमुळें नीट बंद राहिला नाहीं आणि सात माणसें प्राणांस मुकलीं. त्याच वर्षीं अमेरिकेच्या सरकारनें ठरविलें कीं, व्यापारी उपग्रह यापुढें या यानांतून नेऊं नयेत. उपग्रहासारखा निर्जीव माल पोंचविण्यासाठीं जिवंत माणसें पणास लावूं नयेत, हा धडा फार महाग पडला.

दुसऱ्या उड्डाणाचा हिशेब समजण्यास थोडें गणित लक्षांत घ्यावें लागतें. दळणवळणाचा उपग्रह पृथ्वीवरून एकाच जागीं स्थिर दिसावा, तर तो विषुववृत्ताच्या वर सुमारें ३५,७८६ किलोमीटर उंचीवर फिरत असावा लागतो. अग्निबाण त्याला बहुधा एका लांबट कक्षेत सोडून देतो. उरलेली वाट उपग्रह स्वतःच्या इंधनावर चालतो. अग्निबाणानें जितकें जास्त काम केलें, तितकें उपग्रहाचें इंधन शिलकेंत पडतें, आणि ही शिल्लक म्हणजेच त्याच्या आयुष्याचीं वर्षें. उलट, बूस्टर स्वतःचीं इंजिनें पेटवून उभ्याचा उभा खालीं उतरावा, तर त्याच्या टाकींतही गंगाजळी राखून ठेवावी लागते. म्हणजे बूस्टरची शिदोरी ही उपग्रहाच्या ताटांतूनच काढावी लागते.

'फाल्कन' जातीचा बूस्टर डिसेंबर १९१५ नव्हे, तर अगदीं अलीकडे, डिसेंबर २०१५ मध्यें प्रथम जमिनीवर सुखरूप उतरला, आणि मार्च २०१७ मध्यें असा एकदां वापरलेला बूस्टर पुन्हा उडाला. तथापि त्याच वर्षींच्या जुलैंत ६,७६१ किलोग्रॅमचा 'इंटेलसॅट-३५ई' नेतांना बूस्टर परत आणण्याचा विचारच सोडून द्यावा लागला. भार जड झाला कीं परतीची शिदोरी उरत नाहीं, हें तेथें उघड झालें.

'फाल्कन हेवी'ची रचना या अडचणीवरचा तोडगा म्हणून पाहण्याजोगी आहे. तीन बूस्टर शेजारीं शेजारीं बांधून एकूण सत्तावीस इंजिनें पेटवावयाचीं. बाजूच्या दोघांनीं आरंभींचा भार वाहावयाचा, आणि मधल्यानें जोर आवरून आपलें इंधन पुढच्या वाटेसाठीं राखावयाचें. १० एप्रिलला वरच्या थरांतील वाऱ्यामुळें बेत एक दिवस लांबणीवर पडला. दुसऱ्या दिवशीं संध्याकाळीं उड्डाण झालें, आणि सुमारें आठ मिनिटांत बाजूचे दोघे किनाऱ्यावर जोडीनें उतरले. मधला मात्र फार दूर व फार वेगानें गेलेला. तो जवळ जवळ हजार किलोमीटरवर समुद्रांत तरंगत्या फलाटावर उतरला. उपग्रह ठरल्याप्रमाणें कक्षेत गेला. परंतु पुढें किनाऱ्याकडे येतांना समुद्र खवळला. एरव्हीं बूस्टरला धरून ठेवणारें फलाटावरचें यंत्र या मधल्याच्या बांधणीस जुळणारें नव्हतें, तो कलंडला. उतरण्याचें बिकट काम साधलें, आणि घरीं आणण्याचें सोपें वाटणारें काम फसलें.

बाजूचे दोघे जून २०१९ मध्यें पुन्हा उडाले. मधल्याच्या नशिबीं हें नव्हतें. २०१८ च्या पहिल्या उड्डाणांत तो फलाटाजवळ समुद्रांत आदळला होता. जून २०१९ मध्येंही फलाट हुकला. नंतरच्या उड्डाणांत तर त्याला सोडून देण्याचेंच आधीं ठरवून निघूं लागले. २०२४ अखेरपर्यंत एकही मधला बूस्टर धड बंदरांत आलेला नाहीं. एप्रिल २०२३ च्या अखेरीस 'व्हायासॅट-३' उपग्रहासाठीं तिन्ही बूस्टर सोडून दिले. आणि तो वर पोंचल्यावर त्याचा मोठा अँटेना नीट उघडला नाहीं, त्यामुळें त्याची बहुतेक क्षमता वायां गेली. वाटेवर सर्वस्व खर्चिलें म्हणून मुक्कामीं फळ मिळतेंच असें नाहीं.

आपल्या देशासही हा हिशेब परका नाहीं. नोव्हेंबर २०२४ मध्यें ४,७०० किलोग्रॅमचा 'जीसॅट-एन२' भारतानें 'फाल्कन-९' वर भाडें देऊन फ्लॉरिडाहून पाठविला. कारण एवढा भार त्या वेळच्या आपल्या अग्निबाणाच्या आवांक्याबाहेर होता. तो बूस्टर मात्र परत आला.

या सर्वांवरून काटकसर व्यर्थ आहे, असा अर्थ कोणीं काढूं नये. ३९-ए तळावरील दोन उड्डाणांनीं आम्हांस एवढेंच शिकविलें कीं, मालाचा धर्म आधीं आणि वाहनाची काळजी मागाहून. परंतु ती काळजी निघतांनाच करावी लागते. बाजूचे दोघे परतले, कारण मधल्यानें पुढचा भार उचलला. ज्यांच्या घरांतून असा एखादा मधला कधीं काळीं पुढें गेला आणि परतला नाहीं, त्यांना हें निराळें समजावून सांगण्याची गरज नाहीं.