नेवाशाचे आडवस्त्र आणि पडद्यावरील यंत्रमानव

जपानच्या फुजी दूरचित्रवाणीवर १ जानेवारी १९६३ रोजी 'तेत्सुवान आतोमु' या हलत्या रेखाचित्रांच्या मालिकेचा पहिला भाग दाखविण्यात आला. तेझुका ओसामु यांच्या चित्रकथेवर आधारलेली ही मालिका ३१ डिसेंबर १९६६ पर्यंत चालली व तिचे १९३ भाग झाले. त्यांपैकी १०४ भाग 'ॲस्ट्रो बॉय' या नावाने अमेरिकेत इंग्रजीतून दाखविले गेले. यंत्रमानव नायक असलेल्या पुढील अनेक साहसमालिकांचा हा उगम होय. हे भाग आज पुन्हा पाहणाराचे लक्ष प्रथम उड्डाणांकडे व झुंजींकडे जाते, आणि ते स्वाभाविक आहे. तथापि या भागांचा खरा विषय यंत्र हा नसून वेठ हा आहे, आणि तो मराठी वाचकास मुळीच परका नाही. अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्याशी निगडित असे दोन ग्रंथ या दृष्टीने मालिकेशेजारी ठेवून पाहण्यासारखे आहेत. पहिला, नेवासे येथे शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० मध्ये, सांगितली गेलेली ज्ञानेश्वरी; दुसरा, अकोले तालुक्यातील धामणगावी जन्मलेल्या दया पवार यांचे १९७८ मध्ये प्रसिद्ध झालेले 'बलुतं'.

प्रथम शब्दाचा विचार करू. 'रोबो' हा शब्द कारेल चापेक या चेक नाटककाराच्या 'आर. यू. आर.' या नाटकातून जगभर गेला. नाटक १९२० मध्ये छापले गेले व १९२१ च्या जानेवारीत प्रागच्या राष्ट्रीय रंगभूमीवर आले. शब्द सुचविला तो कारेलचा बंधू योसेफ याने. चेक भाषेत 'रोबोता' म्हणजे कुळाने जमीनदाराच्या शेतावर विनामोबदला करावयाचे सक्तीचे काम. हाब्सबुर्ग राज्यात ही प्रथा १८४८ मध्ये रद्द झाली. म्हणजे चापेकच्या प्रेक्षकांच्या आजोबा-पणजोबांनी ती भोगलेली होती. चापेकचे रोबो धातूचे नव्हते, ते रासायनिक जीवद्रव्यापासून बनविलेले होते, ही गोष्ट पुढे विसरली गेली. धातू नंतर आला. वेठ मात्र नावातच होती.

मराठीने या शब्दासाठी 'यंत्रमानव' हा समास घडविला. तो सुबोध आहे, रूढही झाला आहे; पण त्यात वेठ दिसत नाही, असा आक्षेप कोणी घेतल्यास वरवर पाहता तो खरा वाटेल. 'यंत्र' शब्दाच्या मुळाकडे गेल्यास मात्र चित्र बदलते. संस्कृत 'यम्' म्हणजे आवरणे, ताब्यात ठेवणे. ज्याने आवरले जाते ते यंत्र. 'यंत्रणा' या शब्दाचा जुना अर्थ बंधन आणि त्यापासून होणारी पीडा असाच आहे. हिंदी व बंगाली भाषांनी पीडेचा अर्थ राखला, तर मराठीत यंत्रणा म्हणजे व्यवस्था एवढेच उरले. मराठीने दुःख गाळून व्यवस्था ठेवली, हा अर्थपालट काहीसा विचार करावयास लावणारा आहे.

नेवाशाच्या ग्रंथात 'यंत्र' शब्दाचा हा जुना अर्थ अजून जिवंत आहे. गीतेच्या अठराव्या अध्यायातील ६१ व्या श्लोकात ईश्वर सर्व भूतांना यंत्रावर बसविल्याप्रमाणे मायेने फिरवितो असे म्हटले आहे. त्यावरील विवरणात ज्ञानदेवांनी एक दृश्य उभे केले आहे : मायेचे आडवस्त्र लावलेले आहे, त्यामागे एकटा सूत्र हलविणारा आहे, आणि बाहेर चौऱ्याऐंशी लक्ष छायाचित्रे नाचत आहेत. छायाबाहुल्यांचा खेळ श्रोत्यांच्या परिचयाचा असल्यावाचून हे रूपक योजिले गेले नसते. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील पिंगुळीच्या ठाकर कलावंतांनी चामड्याच्या बाहुल्यांचा असा खेळ आजवर जतन केला आहे. पुढे 'छायाचित्र' हा शब्द फोटोला देण्यात आला आणि हलणारे चित्र 'चित्रपट' या दुसऱ्या जुन्या शब्दाच्या वाट्याला गेले. वास्तविक पडद्यावर हालविलेल्या निर्जीव आकृतींना नेवाशाचा शब्द अधिक शोभला असता. तेझुकांच्या चित्रशाळेची रीतही या खेळाच्या जवळची होती. सेकंदास २४ चौकटी लागत असताना तेथे एकेक चित्र तीन-तीन चौकटींस पुरविले जाई, केवळ ओठ किंवा हात हलत, आणि जुनी चित्रे साठवून पुनःपुन्हा वापरली जात. दर आठवड्यास एक भाग पुरा करण्याचा हाच मार्ग होता.

येथे एक सावधगिरी अवश्य आहे. ईश्वराच्या हातचे सूत्र आणि पाटलाच्या चावडीवरील हुकूम एक मानता येणार नाहीत. वेठीचा इतिहास स्वतंत्र आहे. 'वेठ' हा शब्द संस्कृत 'विष्टि' पासून आला. विदर्भातील वाकाटकांच्या ताम्रपटांत दान दिलेले गाव सर्व प्रकारच्या विष्टीपासून मुक्त केल्याचा उल्लेख येतो. म्हणजे ज्या गावांना ताम्रपट नव्हता त्यांना ती होती. 'बलुतं' मध्ये तीच वेठ विसाव्या शतकातील महारकीच्या रूपाने भेटते : मयताचा सांगावा परगावी नेणे, मेलेली जनावरे ओढणे, गावचा सारा तालुक्याला पोचविणे, अंमलदाराच्या घोड्यापुढे धावणे. हाक येईल तेव्हा उठावयाचे, आणि मोबदला म्हणून भाकरतुकडा. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी महारवतनांतील ही बांधिलकी मोडण्यासाठी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात विधेयक मांडले; कनिष्ठ ग्रामवतने रद्द करणारा मुंबई राज्याचा कायदा व्हावयास १९५८ साल उजाडले. 'रोबोता' आणि 'वेठ' हे शब्द एकमेकांचे भाषांतर म्हणून तंतोतंत जुळतात, ते कोशकारांच्या चातुर्यामुळे नव्हे.

आता मालिकेकडे पुन्हा वळावे. पहिल्या भागात विज्ञान खात्याचे प्रमुख डॉ. तेन्मा यांचा मुलगा तोबिओ मोटार अपघातात मरण पावतो. ते त्याच्या रूपाचा यंत्रबालक घडवितात. परंतु तो वाढत नाही हे ध्यानात येताच त्याला सर्कशीस विकतात. तेथून डॉ. ओचानोमिझु त्याची सुटका करतात. पोरका म्हणून विकला गेलेला, विकला गेला म्हणून राबणारा, असा हा नायक. येथे व्युत्पत्तीचा एक धागा नोंदविण्याजोगा आहे. 'रोबोता' ज्या स्लाव धातुकुळातील आहे त्याच इंडो-युरोपीय मुळाशी संस्कृत 'अर्भ', म्हणजे आपला 'अर्भक', लॅटिनमधील अनाथवाचक 'ओर्बुस' आणि जर्मन 'आर्बाइट' (काम) जोडले जातात. निराधार पोर, त्यावरून दास, त्यावरून सक्तीचे काम, अशी ही अर्थाची वाट आहे. तेझुकांना हे ठाऊक असण्याचे कारण नव्हते. कथा त्याच वाटेने उलट चालत गेली.

प्लूटोच्या कथानकात वेठीचे स्वरूप अधिक उघडे होते. पदच्युत सुलतानाने जगातील सात सर्वश्रेष्ठ यंत्रमानवांचा नाश करण्यास प्लूटो हा प्रचंड यंत्रमानव घडवून घेतलेला असतो. तो क्रूर नाही. लढण्यासाठीच आपली घडण झाली आहे, याहून निराळे उत्तर मात्र त्याजपाशी नाही. १९६३ च्याच ऑक्टोबरमध्ये सुरू झालेल्या 'तेत्सुजिन २८' या मालिकेत तर यंत्रमानवास स्वतःचे मन मुळीच नाही. नियंत्रक ज्याच्या हाती, त्याचा तो. तेथे सूत्र अक्षरशः हातात दिसते, आणि ते चोराच्या हाती पडण्याची भीती हेच साहसाचे इंधन होते.

गीतेत यंत्रारूढांचा श्लोक येतो, आणि अवघ्या दोन श्लोकांनंतर कृष्ण अर्जुनास नीट विचार करून इच्छेस येईल तसे कर असे सांगतो. सूत्र सांगितल्यावर इच्छा सांगणे ही विसंगती भाष्यकारांना पुष्कळ श्रमवून गेली आहे. यंत्रमानवांच्या मालिकांचे शेवट नेमके याच जागी येतात. १९३ व्या भागात सूर्याच्या प्रक्षोभापासून पृथ्वी वाचविण्यासाठी आतोमु स्वतः सूर्यात शिरतो. 'तेत्सुजिन' च्याच चित्रकाराच्या, योकोयामा मित्सुतेरु यांच्या, कल्पनेवरून १९६७-६८ मध्ये निघालेली 'जायंट रोबो' ही मालिका रेखाचित्रांची नव्हती, तीत जिवंत नट होते. १९८० च्या दशकात ती भारतात दूरदर्शनवरून दाखविली गेली. तिच्या २६ व्या व अखेरच्या भागात रोबो शत्रूला उचलून आकाशात निघतो. खाली उभा असलेला मुलगा मनगटावरील घड्याळातून त्यास परत येण्याची आज्ञा करीत राहतो, आणि रोबो ती प्रथमच ऐकत नाही.