भिंतीवरच्या चांदण्या

दौलताबादच्या किल्ल्यात चिनी महाल आहे. १६८७ साली गोवळकोंडा पडल्यावर औरंगजेबाने तिथला शेवटचा कुतुबशहा अबुल हसन याला इथे कैदेत ठेवले. महालाला नाव मिळाले ते भिंतींवरच्या निळ्या-पांढऱ्या टाइल्समुळे. आता त्यांतल्या मोजक्याच उरल्या आहेत. लहानपणी तिथल्या मातीत मला एक निळी कपची सापडली. मी ती हळूच खिशात घातली. अब्बांनी पाहिले. रागावले नाहीत, एवढेच म्हणाले, "भिंतीची आहे ती. तिची तिला देऊन ये."

जुन्या टाइल्सच्या संग्राहकांविषयी वाचताना मला हे वाक्य हटकून आठवते.

इराणमध्ये तेहरानजवळ वरामीन गावी इमामजादा याह्या हा दर्गा आहे. त्याच्या भिंतींवर १२६२ साली घडवलेल्या टाइल्स होत्या. आठ टोकांच्या चांदण्या आणि त्यांच्यामधे बसणारे क्रूस. चांदण्यांच्या कडांवर बारीक अक्षरांत कुराणातल्या आयती. भाजलेल्या टाइलवर चांदी-तांब्याची संयुगे रंगवायची आणि कमी हवेच्या भट्टीत ती पुन्हा भाजायची. मग मातीवर सोन्यासारखी झळाळी चढे. काशान शहरातल्या काही घराण्यांकडे ही विद्या होती. त्यांतल्याच अली इब्न मुहम्मद या कारागिराने १२६५ साली इथली मेहराब घडवली आणि तिच्यावर आपले नाव लिहिले.

एकोणिसाव्या शतकात युरोपातल्या संग्राहकांना या झळाळीचे वेड लागले. फ्रेंच प्रवासी जेन द्युलाफुआ १८८१ साली तिथे पोचल्या, तेव्हा कित्येक चांदण्या आधीच नाहीशा झाल्या होत्या. पुढे मेहराबही गेली. ती १९०० साली पॅरिसला दिसली. १९४० साली अमेरिकेतल्या धनाढ्य डोरिस ड्यूक यांनी ती विकत घेतली. आज ती होनोलुलूच्या त्यांच्या घरात आहे. त्या घराचे आता संग्रहालय झाले आहे. चांदण्या लंडनपासून सेंट पीटर्सबर्गपर्यंत विखुरल्या आहेत.

संग्राहकांनी या वस्तू जपल्या, अभ्यासकांना त्यांवरच्या तारखा वाचता आल्या, हे खरेच. पण गझलेतला शेर एकटा उभा राहू शकतो. मेहराबीचे तसे नाही. ती नमाजाची दिशा दाखवते, आणि दिशा भिंतीतून उचलून नेता येत नाही.

वरामीनला भाविक अजूनही येतात. समोर ओकी भिंत असते.

मी मात्र ती कपची भिंतीच्या पायाशी ठेवून आलो होतो. खिसा रिकामा झाला, एवढेच. मन हलके झाले होते.